गाठीतले नत्र, पोत्यातले नत्र

हिंगोली जिल्ह्यात खरिपाचा सर्वांत मोठा पेरा सोयाबीनचा. त्यात तुरीच्या ओळी, कुठे कुठे मूग-उडीद, आणि रब्बीत जिथे ओल टिकते किंवा कालव्याचे पाणी पोचते तिथे हरभरा. सेनगाव असो की कळमनुरी, औंढा नागनाथ असो की वसमत, बहुतेक शिवारांत वर्षाचे दोन्ही हंगाम शेंगवर्गीय पिकांनी भरलेले असतात. ही पिके मुळांवरच्या गाठींत हवेतले नत्र बांधतात, हे शाळेच्या पुस्तकापासून कृषी मेळाव्यापर्यंत सगळीकडे सांगितले जाते. मग या जिल्ह्याच्या जमिनीत नत्राची चंगळ असायला हवी. माती परीक्षणाचे कागद वेगळेच बोलतात. मराठवाड्याच्या काळ्या जमिनींत उपलब्ध नत्र बहुधा ‘कमी’ या रकान्यात सापडते, सेंद्रिय कर्ब कमी ते मध्यम, चुनखडी भरपूर आणि सामू आठच्या आसपास. जून उजाडला की कृषी सेवा केंद्रापुढे डीएपीसाठी रांग लागते ती लागतेच.

या दोन गोष्टींचा मेळ घालायचा तर मातीतले नत्र बांधणारे जिवाणू नेमके काय करतात, किती करतात आणि कशामुळे करेनासे होतात, हे मुळापासून पाहावे लागते. या विषयावर अर्धी माहिती इतकी पसरली आहे की शेतकऱ्याचा पैसाही जातो आणि जिवाणूंवरचा विश्वासही.

एका एकराच्या डोक्यावर उभ्या असलेल्या हवेत सुमारे ३१ हजार टन नत्र आहे. त्यातला कणभरही पीक थेट घेऊ शकत नाही. नत्राचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की तो बंध तोडायला कारखान्यात ४०० ते ५०० अंश तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हे प्रयोगशाळेत करून दाखवले आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. आपल्याकडे अलिबागजवळच्या थळमधून निघणारे युरियाचे पोते त्याच रसायनाचे अपत्य. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के हिशेबाने २०.७ किलो नत्र असते.

जिवाणू हेच काम शेतातल्या नेहमीच्या तापमानाला करतात. त्यांच्याकडे नायट्रोजिनेज नावाचे विकर आहे. त्याच्या गाभ्यात लोह आणि मॉलिब्डेनम असते. नत्राचा एक रेणू फोडायला ऊर्जेची १६ चलनी नाणी, म्हणजे एटीपीचे १६ रेणू, खर्च होतात. शिवाय या विकराला प्राणवायूचे वावडे आहे. प्राणवायू लागला की ते कायमचे निकामी होते. पण एवढी ऊर्जा तयार करायला श्वसन हवे आणि श्वसनाला प्राणवायू हवा. मातीतल्या प्रत्येक नत्र बांधणाऱ्या जिवाणूने हा पेच आपापल्या परीने सोडवला आहे. पुढे जे काही येईल, ते सगळे दोन प्रश्नांशी येऊन थांबते: याला ऊर्जा कोण देतो आणि प्राणवायूपासून याला कोण वाचवतो?

हे ज्ञान फार जुने नाही. शेंगवर्गीय पिकानंतर दुसरे पीक चांगले येते, हे आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. हरभऱ्याचा बेवड गव्हाला मानवतो हे कुणी शिकवावे लागत नव्हते. कारण मात्र १८८६ मध्ये कळले. जर्मनीत हेर्मान हेलरिगेल आणि हेर्मान विल्फार्ट यांनी वाळूत ओट आणि वाटाणा वाढवून दाखवले की वाटाण्याला मिळणारे जादा नत्र हवेतून येते आणि ते मुळावरच्या गाठींमुळे येते. १८८८ मध्ये हॉलंडच्या मार्टिनुस बेयरिंक यांनी त्या गाठींतले जिवाणू वेगळे केले. १८९५ च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांना प्राणवायूविना जगणारे क्लॉस्ट्रिडियम सापडले आणि १९०१ मध्ये बेयरिंक यांनीच अ‍ॅझोटोबॅक्टर शोधले. भारतात या विषयाची सुरुवात बिहारमधल्या पुसा येथे एन. व्ही. जोशी यांच्या कामाने झाली, असे मानले जाते. शेंगवर्गीय पिकांच्या गाठींतल्या जिवाणूंवरचा त्यांचा अभ्यास १९२० चा आहे. १९३९ मध्ये पी. के. डे यांनी भातखाचरातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचे नत्रातले स्थान सिद्ध केले. हिंगोलीत भात नगण्य, म्हणून तो धागा इथेच सोडतो.

आता गाठीकडे. सोयाबीनचे पीक ३५ ते ४० दिवसांचे झाले, जमीन वाफशावर आली की एक झाड कुदळीने भोवतालच्या ढेकळासकट काढावे. हाताने उपटले तर गाठी मातीतच तुटून राहतात आणि ‘गाठी धरल्याच नाहीत’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. ढेकूळ बादलीत भिजवून मुळे हळूच धुवावीत. मुख्य मुळाच्या वरच्या भागाला मोहरी ते ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोल, टणक गाठींचा झुबका दिसेल. एक गाठ नखाने चिरावी. आत मांसासारखा लालसर गुलाबी रंग दिसला तर गाठ कामावर आहे. पांढरी असेल तर ती अजून कोवळी किंवा निकामी, हिरवट-करडी असेल तर तिचे दिवस संपलेले. तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदातला. तो प्राणवायू धरून ठेवतो आणि जिवाणूला श्वसनापुरताच मोजून देतो, नायट्रोजिनेजपर्यंत पोचू देत नाही. प्राणवायूचा पेच झाडाने असा सोडवला. ऊर्जेसाठी झाड पानात तयार झालेली साखर थेट गाठीत पाठवते. एक ग्रॅम नत्रासाठी झाडाला साधारण सहा ग्रॅम कार्बन, म्हणजे पंधरा ग्रॅमच्या आसपास साखर मोजावी लागते.

झाडाला हा सौदा महाग पडतो, म्हणूनच पीक तो गरजेपुरताच करते. मातीत नायट्रेट आयते मिळत असेल तर झाड गाठी कमी धरते आणि असलेल्या गाठींचा खुराक तोडते. पेरणीच्या वेळी थोडे नत्र देण्यात चूक नाही. रोपाच्या गाठी कामाला लागायला तीन आठवडे जातात, तोवरची ती शिदोरी आहे. सोयाबीनसाठी हेक्टरी ३० किलो नत्राची शिफारस त्यासाठीच आहे. डीएपीच्या एका पोत्यात नऊ किलो नत्र असते, म्हणजे एकरी एका पोत्यात ती गरज बरीचशी भागते. पण पंचवीस-तीस दिवसांनी पीक जोमात यावे म्हणून वरून युरिया फेकला, तर आपण गाठींना सुट्टी देतो. पीक हिरवेगार दिसते आणि हवेतून आले असते ते नत्र पैसे मोजून पोत्यातून येते.

गाठीतला जिवाणू प्रत्येक पिकाचा वेगळा असतो. सोयाबीनला ब्रॅडिरायझोबियम लागतो आणि हा भारताच्या मातीतला मूळचा रहिवासी नव्हे. सोयाबीन आले तेव्हा बियाण्याबरोबर त्यालाही आणावे लागले. हरभऱ्याचा मेझोरायझोबियम वेगळा आणि तो दुसऱ्या कुणाच्या मुळात जात नाही. तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग यांचा मात्र एक मोठा गोतावळा आहे. त्यांचे जिवाणू आपल्या मातीत पूर्वापार आहेत. म्हणून सोयाबीनच्या जिवाणूंचे पाकीट उरले तर ते हरभऱ्याच्या बियाण्याला लावून उपयोग नाही, आणि दुकानदाराने ‘सगळ्याला चालते’ म्हटले तर पाकिटावरचे पिकाचे नाव वाचून घ्यावे. आणखी एक गैरसमज: शेंग धरणारी प्रत्येक वनस्पती नत्र बांधते असे नाही. पावसाळ्यात पडीक रानात माजणारा तरोटा, चिंच, आपटा, बहावा या कुणाच्याही मुळांना गाठी येत नाहीत. बाभूळ आणि बांधावरचे गिरिपुष्प यांना येतात.

आता सर्वांत महत्त्वाचा हिशेब. सोयाबीनमुळे जमिनीतले नत्र वाढते का?

एकरी आठ क्विंटल सोयाबीन धरू. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि प्रथिनांत १६ टक्के नत्र. ओलाव्याची वजावट करून या आठ क्विंटलमधून ४५ ते ५० किलो नत्र मोंढ्यात जाते. एक टन दाणा तयार करायला सोयाबीनच्या पूर्ण झाडाला सुमारे ८० किलो नत्र लागते, म्हणजे आठ क्विंटलला ६४ किलो. जगभरच्या प्रयोगांचा गोषवारा असा की यातले निम्मे ते साठ टक्के हवेतून येते: इथे ३२ ते ३८ किलो. युरियाच्या भाषेत ही दीड ते पावणेदोन पोती झाली, आणि ती फुकट मिळाली, याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण कमाई ३२ ते ३८ आणि बाहेर गेले ४५ ते ५०. म्हणजे भुसा जागेवर ठेवला, पाने गळून तिथेच कुजली, तरीही जमीन एकरी दहा-पंधरा किलोने तोट्यात जाऊ शकते. भुसा बाहेर गेला किंवा पेटवला तर खड्डा आणखी खोल. डीएपीतले नऊ किलो धरले तर तोंडमिळवणी होते, एवढेच.

हा ढोबळ हिशेब आहे, शेतागणिक आकडे हलतील. पण दिशा बदलणार नाही. सोयाबीन स्वतःच्या गरजेचा मोठा वाटा स्वतः कमावते. जमिनीला दान मात्र ते फारसे देत नाही, कारण त्याच्याइतका नत्राने भरलेला दाणा इथल्या दुसऱ्या कुठल्याच पिकाचा नाही. वर्षानुवर्षे सोयाबीन घेऊनही माती परीक्षणात नत्र ‘कमी’ येते, ते यामुळे.

तुरीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या दाण्यात प्रथिने सोयाबीनच्या जवळपास निम्मी आणि ती सहा-सात महिने शेतात उभी असते. या काळात पानांचा सडा सतत पडत राहतो, मुळे खोल जातात, आणि ते सगळे शेतातच राहते. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅटमध्ये तुरीनंतर मका घेऊन पाहिला, तेव्हा तुरीच्या बेवडाचा फायदा हेक्टरी सुमारे ४० किलो नत्राइतका निघाला. हरभराही दाण्याबरोबर सोयाबीनपेक्षा कमी नत्र नेतो. म्हणून सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी ठेवण्याचा सल्ला भावाच्या विम्यापुरता मर्यादित समजू नये. जिल्ह्यात खरीप ज्वारी होती तेव्हा ज्वारीत तूर, मूग, उडीद मिसळून पेरण्याची रीत होती. त्यात एक पीक नत्र खाणारे आणि बाकीची जोडणारी. आज सोयाबीनच्या पाठीवर हरभरा येतो, म्हणजे एका कमावत्याच्या जागी दुसरा कमावता. मागच्या पिकाची शिल्लक वापरायला गहू-ज्वारीसारखे खाते पीक फेरपालटात उरलेले नाही. मला ही गेल्या तीस वर्षांतली सर्वांत मोठी चूक वाटते, आणि ती शेतकऱ्याच्या अज्ञानामुळे झालेली नाही. ज्वारीच्या भावाने, मजुरीने आणि रानडुकरांनी ती करायला लावली.

यातच दर जुलै-ऑगस्टमध्ये शिवारभर दिसणारे पिवळेपण येते. या प्रश्नावर थोडे थांबायला हवे, कारण गाठींचे सर्वांत मोठे नुकसान इथे होते आणि सर्वांत चुकीचा उपायही इथेच होतो.

चार-पाच दिवस झड लागली की भारी काळी जमीन चिबडते. मातीच्या पोकळ्यांत हवा राहत नाही. गाठीतल्या जिवाणूला प्राणवायू मोजूनच लागतो, पण लागतो. तो पूर्ण बंद झाला की श्वसन थांबते, ऊर्जा थांबते, नत्राचे काम थांबते. पाणी जास्त दिवस राहिले तर गाठी कुजतात. त्याच वेळी चुनखडीच्या जमिनीत साचलेल्या पाण्यामुळे बायकार्बोनेट वाढते आणि लोह मुळांच्या आवाक्याबाहेर जाते. लोह हे हरितद्रव्याच्या घडणीत लागते, लेगहिमोग्लोबिनमध्ये लागते आणि नायट्रोजिनेजमध्येही. म्हणजे एकाच पाण्याने गाठीवर दोन बाजूंनी घाला येतो. शेतकरी पिवळे रान पाहतो आणि युरिया फेकतो. पान नीट पाहिले तर रोग ओळखता येतो: शेंड्याची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता, आधी खालची जुनी पाने सरसकट फिकट होत असतील तर नत्राची, पानांवर पिवळ्या-हिरव्या रंगांचे बेढब चट्टे आणि मागे पांढरी माशी असेल तर पिवळा मोझॅक, ज्याला कुठलेच खत उपयोगी नाही. लोहाच्या कमतरतेला फेरस सल्फेटची किंवा चिलेटेड लोहाची फवारणी लागते. पण खरा इलाज पेरणीच्या वेळचा, आणि तो म्हणजे पाण्याला वाट. रुंद वरंबा सरी पद्धतीने, बीबीएफ यंत्राने पेरलेल्या सोयाबीनच्या मुळाशी हवा राहते. पाऊस लांबला तर सरीत मुरलेली ओल कामी येते, हा आणखी एक फायदा. कारण पाण्याचा ताण पडला की पानांचे काम मंदावण्याआधीच गाठींचे काम मंदावते. भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत ऑगस्टची उघडीप म्हणूनच इतकी महाग पडते. मराठवाड्यात गाठींसाठी काही एकच करायचे असेल तर मी कुठल्याही पाकिटाआधी निचऱ्याचे नाव घेईन.

पाकिटाचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. दरवर्षी बियाण्याला कल्चर, म्हणजे पाकिटातले जिवाणू, लावायलाच हवे का? जिथे वीस-पंचवीस वर्षे सोयाबीन होत आहे, तिथे त्याचा जिवाणू मातीत मुक्काम करून असतो. हवाई बेटांवर झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात असे दिसले की दर ग्रॅम मातीत योग्य जातीचे पन्नास जिवाणू जरी आधीच असले, तरी बाहेरून दिलेल्या जिवाणूचा परिणाम दिसेनासा होतो. दुसरीकडे ब्राझीलचा अनुभव आहे. तिथे योहाना डोबेरायनर यांच्या आग्रहाने साठच्या दशकापासून सोयाबीनची पैदासच युरियाशिवाय, जिवाणूंच्या भरवशावर झाली. एम्ब्रापा या तिथल्या कृषी संशोधन संस्थेच्या मारियांजेला हुंग्रिया यांनी दाखवले की जुन्या सोयाबीनच्या जमिनीतही दरवर्षी कल्चर लावल्यास उत्पादन सरासरी आठ टक्क्यांनी वाढते. २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी खरे आहेत. मातीतला जुना जिवाणू जागा अडवतो, पण तो कामसू असेलच असे नाही. आणि मे महिन्यात उघड्या काळ्या जमिनीचा वरचा थर ५० अंशांच्या पुढे तापतो तेव्हा त्याची संख्या घटते. पेरणीला बियाण्याला चिकटून गेलेला ताजा, निवडक जिवाणू पहिल्या मुळावर आधी पोचतो. खर्च एकरी जेमतेम शे-दोनशे रुपयांचा. म्हणून हिंगोलीच्या उन्हाळ्यात मी ब्राझीलच्या बाजूने कौल देईन. जी शेते पहिल्यांदाच सोयाबीनखाली येत आहेत किंवा बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर येत आहेत, तिथे तर कल्चर न लावणे म्हणजे पिकाला उपाशी ठेवणे.

पण पाकिटात जिवाणू जिवंत असायला हवा. केंद्राने २००६ मध्ये जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाखाली आणली. पावडरीतल्या कल्चरमध्ये दर ग्रॅम किमान पाच कोटी आणि द्रवरूपात दर मिलीलिटर किमान दहा कोटी जिवाणू असले पाहिजेत, असे त्याचे मानक आहे. कारखान्यातून निघताना हा आकडा असेलही. नंतर तेच पाकीट पत्र्याच्या शेडमध्ये मे महिनाभर युरियाच्या थप्पीशेजारी पडले, तर जूनमध्ये हातात येते ती नुसती लिग्नाइटची भुकटी. उत्पादनाची तारीख पाहणे जितके गरजेचे, तितकेच ते कुठे ठेवले होते हे पाहणे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात आणि कळमनुरी तालुक्यातल्या तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करून पेरणीच्या तोंडावर ताजे द्रवरूप कल्चर मिळवणे, हा त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग.

लावण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच घमेल्यात कालवले तर औषध जिवाणूलाही मारते. पावडर असेल तर गुळाच्या पाण्यात कालवून दहा-पंधरा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅमचे पाकीट; द्रवरूप असेल तर किलोला दहा मिलीलिटर. हात हलका हवा, कारण सोयाबीनचे साल पातळ असते; चोळले की उगवण जाते. मग सावलीत सुकवायचे आणि त्याच दिवशी पेरायचे. उन्हात ताडपत्रीवर पसरलेले बियाणे दिसले की समजावे, कष्ट वाया गेले.

गाठींत राहणाऱ्यांची कथा इथवर. मोकळे राहणारे जिवाणू ही वेगळी जात, आणि त्यांच्याविषयी सर्वांत जास्त अतिशयोक्ती होते. अ‍ॅझोटोबॅक्टर हा त्यांतला नावाजलेला. त्याला घर नाही आणि साखर पाठवणारे झाड नाही. प्राणवायूपासून बचाव म्हणून तो भयंकर वेगाने श्वसन करतो, म्हणजे पेशीत आलेला प्राणवायू विकरापर्यंत पोचण्याआधीच जाळून टाकतो. त्यासाठी त्याचे इंधन भरमसाट जळते. एक ग्रॅम साखर खाऊन तो १० ते २० मिलीग्रॅम नत्र बांधतो. गाठीत एक ग्रॅम नत्राला पंधरा ग्रॅम साखर पुरत होती, इथे ५० ते १०० ग्रॅम लागते. एकरी आठ किलो नत्र त्याच्याकडून हवे असेल तर त्याला ४०० ते ८०० किलो साखरेच्या तोडीचे अन्न मातीत मिळायला हवे. ज्या जमिनीत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास घुटमळतो, आणि तोही बहुतेक जुना, न पचणारा, तिथे हे अन्न आणायचे कुठून?

म्हणून ‘एका पाकिटात युरियाचे एक पोते’ असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. सोव्हिएत संघात गेल्या शतकात अ‍ॅझोटोबॅक्टरचे कल्चर लाखो हेक्टरवर वापरले गेले. येव्हगेनी मिशुस्टिन यांनी त्या सगळ्या प्रयोगांचा ताळा घेतला, तेव्हा काही पिकांत थोडी वाढ दिसली, पण तीही नत्रापेक्षा जिवाणूने सोडलेल्या वाढवर्धक द्रव्यांमुळे असावी, असे त्यांचे मत झाले. अ‍ॅझोस्पिरिलम मुळांच्या अगदी जवळ, मुळाच्या रसावर जगते. त्यालाही मुळांचा पसारा वाढवण्याचे श्रेय नत्रापेक्षा जास्त दिले जाते. मुळे वाढली तर पीक मातीतले नत्र अधिक उचलते, ही लहान गोष्ट नव्हे. पण मग ते उसने आणणे झाले, नवी कमाई नव्हे, आणि हा फरक शेतकऱ्याला सांगितला पाहिजे. ऊस याला काहीसा अपवाद. १९८८ मध्ये ब्राझीलमध्ये उसाच्या आत राहणारा, गोडीवरच पोसलेला एक जिवाणू सापडला. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने त्याचे कल्चर ‘अ‍ॅसिटोबॅक्टर’ नावाने महाराष्ट्रात पोचवले. वसमत भागातल्या ऊसकऱ्यांना ते अनोळखी नाही. त्याच्याकडे साखरेचा प्रश्न झाडाच्या आतच सुटलेला आहे.

याच मापाने जीवामृताकडे पाहावे. सुभाष पाळेकर यांच्या पद्धतीतले एका एकराचे जीवामृत म्हणजे दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती. त्यातला सगळा गूळ मोकळ्या जिवाणूंनीच खाल्ला आणि त्यांनी पूर्ण क्षमतेने काम केले असे धरले, तरी बांधले जाणारे नत्र २० ते ४० ग्रॅम भरेल. एकराला ते नसल्यासारखे. पाळेकर स्वतः त्याला खत म्हणत नाहीत, विरजण म्हणतात. आणि त्यांच्या पद्धतीत आच्छादन तितकेच अनिवार्य आहे. अडचण अशी की गावोगावी विरजण उचलले गेले आणि दूध विसरले गेले. आच्छादनाशिवायच्या जीवामृताने नत्राची भूक भागेल असे मानून सोयाबीन-हळदीचे खत बंद करणाऱ्याचे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नुकसान होते, आणि मग तो सेंद्रिय या शब्दालाच नावे ठेवतो.

मोकळ्या जिवाणूंना हिंगोलीत खरी संधी कुठे असेल तर ती हळदीत. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वसमतची हळद हे नत्राचे मोठे गिऱ्हाईक आहे. शिफारस हेक्टरी २०० किलोची. पण हेच एक पीक असे आहे ज्याला आपला शेतकरी अजूनही गाड्या भरभरून शेणखत घालतो, नऊ महिने पाणी देतो आणि गादीवाफ्यावर लावून निचरा करतो. अन्न, ओल आणि हवा, तिन्ही इथे आहेत. विद्यापीठाचे बायोमिक्स हळदकरी कंदकुजीसाठी आवर्जून नेतात. त्या उपयुक्त बुरशी-जिवाणूंनाही तेच घर मानवते. अ‍ॅझोटोबॅक्टर किंवा अ‍ॅझोस्पिरिलम शेणखतात मुरवून हळदीला दिले तर ते तग धरेल. कोरडवाहू कापसाच्या उघड्या तासात तेच कल्चर ओतणे म्हणजे पाहुण्याला बोलावून घरात दाणा नसणे.

आणि इथे सोयाबीनच्या भुशाकडे वळावे लागते. ऑक्टोबरमध्ये मळणी यंत्र गंजीपाशी लागते, पोती भरून जातात आणि मागे भुशाचा ढीग उरतो. काही जनावरांपुढे जातो, काही वीटभट्टीला, आणि बराचसा रब्बीची घाई म्हणून जागेवरच पेटवला जातो. त्या ढिगात कार्बन भरपूर आणि नत्र त्या मानाने थोडे आहे. मातीत असा खुराक पडला की बाकीचे सूक्ष्मजीव नत्रासाठी अडतात, आणि हवेतून नत्र घेऊ शकणाऱ्याला तिथे वरचढ होण्याची संधी मिळते. अ‍ॅझोटोबॅक्टरला हवे असलेले ४०० किलो अन्न हे असे गावातच पडलेले असते. लगेच मातीत गाडला तर भुसा पहिले काही आठवडे पिकाचे नत्र ओढून घेतो, म्हणून हरभऱ्याच्या पेरणीआधी तो नांगरू नये. शेण, थोडा युरिया किंवा शेणकाला आणि कुजवणारे कल्चर घालून खड्ड्यात भरावा, ओल ठेवावी, दोनदा पलटी द्यावी. ऑक्टोबरचा ढीग मे अखेर, हळदीच्या लागवडीच्या वेळी, काळे भुसभुशीत खत होऊन तयार असतो. ज्याच्याकडे हळद नाही त्याने तेच सोयाबीनच्या पट्ट्यात पसरावे. एकरी दहा-पंधरा किलो नत्राची जी खोट वर मांडली, तिचा काही भाग त्यातून भरून येतो. यासाठी गावपातळीवर लागते ती दोन यंत्रे: भुसा वाहणारी ट्रॉली आणि ढीग पलटणारा जेसीबी. दोन्ही आज बहुतेक गावांत मिळतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात शेतकरी गटांनी ती भाड्याने घेतली तर हिशेब एकरी काही शे रुपयांत बसतो.